फोटो फोनमध्ये आहेत, मग प्रिंट कशाला?

प्रश्न: मुलीचे जन्मापासूनचे सगळे फोटो फोनमध्ये आणि क्लाउडवर आहेत. सासूबाई म्हणतात प्रिंट काढून अल्बम कर. खरंच गरज आहे का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, सासूबाईंचं ऐकाच. क्लाउडचा पासवर्ड तुमच्याकडे, आणि मोठी झाल्यावर मुलगी ते हजारो फोटो उघडून बसेल असं वाटतं का तुम्हाला? अल्बम काढला की घरातले भोवती जमतात, हा कोण, ही कुणाची मावशी, लग्न कुठल्या साली असं सुरू होतं, फोनवर बोट सरकवताना ते होत नाही हो.

सगळे नको, वर्षाचे पंचवीस-तीस निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो लॅबला देऊ नका, तो कॉम्प्रेस झालेला, म्हणजे लहान करून बारकावे गेलेला असतो, मूळ फाइल द्या, ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल भरपूर झाले. चिकट पानांचे अल्बम तर अजिबात नकोत, जुने रंगीत फोटो त्या गोंदाला असे धरून बसतात की काढताना फाटतात, त्यापेक्षा फोटोला गोंद न लावता त्याचे चार कोपरे कागदी खोबणीत अडकवायचे अल्बम बरे. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो, नाव-गाव-साल खाली पानावरच लिहा.

२०२१ चा पूर तुमच्या गावाने पाहिलाय, म्हणून अल्बम उंच फळीवर ठेवा आणि फोनमधले फोटोही राहू द्या, दोन्ही हवंच. तरी भिजलेच तर एकमेकांना चिकटायच्या आत स्वच्छ पाण्यात सोडवा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा.