ट्रॅव्हल ट्रेलरची पाण्याची टाकी खाली खचते तेव्हा

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत नेण्याचे चाकांवरचे घर) घेऊन फिरणाऱ्या वाचकांनी टाकीच्या आधारांविषयी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या ट्रेलरच्या तळाचे काळे प्लॅस्टिक आवरण मध्यभागी फुगून खाली आले होते. ते उघडले, तेव्हा 40 गॅलनच्या टाकीखालील दोन लोखंडी पट्ट्यांपैकी एकीचे स्क्रू निघालेले दिसले. त्याच भोकांत जाड स्क्रू बसवले तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नका. 40 गॅलन पाणी म्हणजे सुमारे 151 लिटर, म्हणजेच जवळपास 151 किलो किंवा 334 पौंड, आणि हा सगळा भार आतापर्यंत मोजक्या स्क्रूंच्या आट्यांना लटकत होता. हे स्क्रू स्वतःच आटे पाडत ट्रेलरच्या तळाच्या पोलादी चौकटीत शिरतात. तिथले पोलाद 3 मिलिमीटर जाडीचे असेल, तर प्रत्येक स्क्रूला धरायला जेमतेम दोन आटे मिळतात. ट्रेलर खड्ड्यात आदळला की तोच भार क्षणभर दुपटी-तिपटीने वाढतो आणि स्क्रू हळूहळू सैल होत जातो. निघालेल्या स्क्रूचे भोक जवळून पाहा : ते लंबगोल झालेले असेल, कडा घासून चकचकीत झाली असेल आणि भोवती तपकिरी गंजाची बारीक भुकटी साचलेली असेल. अशा भोकात जाड स्क्रू घातला तरी काही महिन्यांनी तोही याच वाटेने बाहेर येईल.

टाकीचा भार पोलादावर बसला पाहिजे. बोल्टचे काम केवळ ते पोलाद जागच्या जागी धरून ठेवण्याचे. टाकी पूर्ण रिकामी करून चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा, चौकटीखाली घोड्या (भार पेलणारे पोलादी टेकू) ठेवा आणि टाकीखाली प्लायवूडची फळी धरून जॅकने ती अलगद मूळ उंचीवर न्या. उचलताना नळीच्या जोडांवर ताण येत नाही ना, याकडे दुसऱ्या माणसाने लक्ष ठेवावे. मग चौकटीच्या दोन तुळयांमध्ये तीन आडवे अँगल (इंग्रजी L आकाराच्या पोलादी पट्ट्या) बसवा. टाकीचा तळ सोयीच्या उंचीवर असेल, तर अँगलची टोके तुळईच्या खालच्या ओठावर, म्हणजे तळाच्या आडव्या पट्टीवर, आतून टेकवता येतात. तसे जमत नसेल, तर तुळईच्या उभ्या भागातून आरपार बोल्ट घेऊन त्यावर मजबूत ब्रॅकेट लावा आणि अँगल त्यात बसवा. खालच्या ओठाला मात्र भोके पाडू नका, कारण सर्वाधिक ताण तिथेच असतो.

अँगलच्या मापात काटकसर नको. तुळयांमधले अंतर सुमारे 6 फूट असते. तेवढ्या लांबीवर 2 इंची, 3/16 इंच जाडीचा अँगल हा दीड इंची, 1/8 इंच जाडीच्या अँगलपेक्षा वाकण्याला अडीच पटींहून अधिक विरोध करतो, आणि वजनातला फरक मात्र थोडक्या पौंडांचा असतो. अँगल आणि टाकी यांच्यामध्ये रंगवलेले अर्धा इंची प्लायवूड व रबराची पट्टी घाला, म्हणजे धातूची कड प्लॅस्टिकात रुतणार नाही. नट आपोआप सैल न होणाऱ्या जातीचे घ्या. पहिल्या शंभरेक मैलांनंतर पुन्हा एकदा खाली वाकून सगळे तपासा.

प्रश्न : बोल्टऐवजी वेल्डिंग केलेले अधिक टिकाऊ नाही का?

उत्तर : कसबी वेल्डर मिळाला तर नक्कीच टिकते. परंतु चौकटीचे पोलाद पातळ असते, टाकी पॉलिएथिलीनची असते आणि आसपास वायरी, फोम व प्रोपेनची नळी असते. म्हणून टाकी उतरवून, बॅटरीची जोडणी काढून आणि गॅस बंद करूनच हे काम करावे, आणि जळालेल्या रंगाच्या जागी लगेच जस्तयुक्त प्रायमर लावावा. घरी करणाऱ्यांना मी बोल्टच सुचवतो.

प्रश्न : नवे आधार बसवले, तरीही कॅम्पग्राउंडवर पाणी भरताना टाकी खाली ढकलली गेली. असे का झाले?

उत्तर : टाकीची हवा बाहेर सोडणारी नळी तुंबलेली किंवा दुमडलेली असावी. तुमची टाकी तळाशी 36 बाय 48 इंच असेल, तर आत केवळ 1 पीएसआय (दर चौरस इंचाला 1 पौंड) दाब साचला तरी तळावर 1728 पौंडांचा जोर येतो. हा भरलेल्या पाण्याच्या वजनाच्या पाचपट आहे. इतका जोर कोणताही आधार वाकवू शकतो आणि टाकीही फोडू शकतो. आधी ही नळी मोकळी करा, आणि पाणी भरताना नळ सोडून दूर जाऊ नका.

प्रश्न : प्रवासात टाकी अर्धी ठेवली तर आधारांवरचा ताण कमी होईल ना?

उत्तर : वजन कमी होते, पण अर्ध्या टाकीतले पाणी ब्रेक लावताना आणि वळणावर इकडून तिकडे आपटते. शक्य असेल तर टाकी रिकामी ठेवा, नाहीतर पूर्ण भरा. मात्र पूर्ण भरण्यापूर्वी टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, हे पाहा. मागे असेल, तर भरल्यावर हिचवरचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या जोडावरचा, भार घटतो; तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के राहिला नाही, तर वेगात ट्रेलर डुलू लागतो आणि त्यातून जीवघेणे अपघात होतात.

प्रश्न : पट्टी रुतल्याने टाकीला चीर गेली आहे. इपॉक्सीने भरू का?

उत्तर : पॉलिएथिलीनला नेहमीचे इपॉक्सी धरत नाही. त्याच प्लॅस्टिकची कांडी वितळवून सांधता येते. मात्र चीर जोडाच्या तोंडाशी असेल, तर टाकी बदला.