उंचवटा झिजतो की ओसरतो?

प्रश्न असा आहे: धातूच्या स्फटिकावरचे नॅनो आकाराचे उंचवटे पुरेशा तापमानाला आपोआप सपाट होत जातात. याला 'झीज' म्हणावं की 'क्षय'?

'झीज' तर नकोच. गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. संस्कृत 'क्षि' धातूपासून 'क्षय', आणि त्याच्याच 'क्षीयते'चं प्राकृतात 'झिज्जइ' होऊन आपलं 'झिजणं'. सख्खी भावंडं, पण संसार वेगळे. उंबरठा झिजतो, चपलेची टाच झिजते. तिथे घासणारं कोणीतरी असतं आणि झिजलेला भाग कायमचा जातो. स्फटिकावर यातलं काहीच घडत नाही.

तिथे एका अणूच्या जाडीची बेटं असतात. काठावरच्या अणूला शेजारी कमी, म्हणून पकडही सैल. उष्णतेच्या हिसक्यांनी तो सुटतो, पृष्ठभागावर भटकतो आणि दुसऱ्या एखाद्या काठाला जाऊन चिकटतो. बेट जितकं लहान, तितका काठ अधिक वळलेला आणि गळती जास्त. त्यामुळे लहान बेटं आक्रसत नाहीशी होतात, मोठी त्यांच्या अणूंवर वाढतात. याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. 'पिकणं' हे नाव मला कधीच पटलेलं नाही, आपल्याकडचा 'मात्स्यन्याय' कितीतरी चपखल बसला असता. पण बाष्पीभवन नगण्य असेल तर अणू एकही हरवत नाही, फक्त जागा बदलतो.

मग 'क्षय' अजिबात नको का? तसंही नाही. पदार्थशास्त्रज्ञ मलिन्स यांनी 1959 मध्ये लाटांसारख्या पृष्ठभागाचं गणित मांडलं. अणू पृष्ठभागावरूनच सरकत असतील, तर लाटेची लांबी निम्मी केल्यावर ती 16 पट वेगाने सपाट होते. इथे कमी होते ती लाटेची उंची. म्हणून 'उंचीचा क्षय', 'क्षयाचा वेग' हे शब्दप्रयोग बिनचूक आहेत. क्षय उंचीसारख्या मोजता येणाऱ्या राशीचा, वस्तूचा नव्हे.

वस्तूबद्दल बोलताना मी 'उंचवटा ओसरतो' असंच लिहीन. पूर ओसरतो तेव्हा पाणी नष्ट होत नाही, पुढे वाहून जातं; इथेही तसंच. 'विरघळणं' म्हटलं की वाचक द्रावक शोधू लागतो. आणि 'ऱ्हास' शब्दात हळहळ आहे. ती प्रयोगशाळेत मेहनतीने तो उंचवटा घडवणाऱ्याला वाटेलही, पण सपाट झालेल्या पृष्ठभागाची ऊर्जा कमी असते, त्यामुळे स्फटिक उलट निवांतच होतो.