एकाच तालुक्याचे दोन तालुके का होतात?

प्रश्न : पतसंस्थेच्या 4,200 सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. फिल्टर लावून तालुकावार याद्या केल्या, पण बेरीज 4,163 भरते आणि फिल्टरमध्ये कऱ्हाड दोनदा दिसतं. शाखांना ज्याची त्याची यादी कशी पाठवावी?

उत्तर : कमी पडलेल्या 37 ओळींमध्ये तालुक्याचा रकाना बहुधा रिकामा आहे. फिल्टरच्या यादीत अगदी तळाशी ‘ब्लँक्स’ असतं, तेवढ्यावर टिचकी मारून बघा. विभागणीआधी तिथे ‘तपासा’ असं भरून ठेवा, म्हणजे एकही सभासद गळणार नाही.

कऱ्हाडचं दुखणं टायपिंगचं आहे. एकाने ‘ऱ’ची कळ वापरली, दुसऱ्याने ‘र’चा पाय मोडून अदृश्य जोडचिन्ह घातलं. दिसायला दोन्ही सारखेच, पण अक्षरचिन्हं मोजणारं लेन हे सूत्र लावलं की पहिल्याला 6 आणि दुसऱ्याला 7 येतात. फिल्टरमध्ये फक्त चुकीचं कऱ्हाड निवडा, तालुक्याचे ते रकाने सिलेक्ट करून ऑल्ट आणि अर्धविरामाची कळ दाबा, बरोबर नाव टाइप करा आणि कंट्रोल-एंटर द्या. नावामागे राहिलेली स्पेस ट्रिम या सूत्राने जाते. वेबवरून चिकटवलेल्या मजकुरातली 160 क्रमांकाची स्पेस मात्र ट्रिमला जुमानत नाही, ती सबस्टिट्यूट या सूत्राने काढावी लागते.

आता विभागणी. पिव्होट टेबलमध्ये (यादीचा गोषवारा देणाऱ्या एक्सेलच्या तक्त्यात) तालुका फिल्टरच्या चौकटीत टाकून ‘शो रिपोर्ट फिल्टर पेजेस’ केलं की क्षणात तालुकावार शीट तयार होतात. ऑफिसातल्या ऑफिसात बघायला हे उत्तम, पण ती फाइल शाखेला मुळीच पाठवू नका. प्रत्येक पिव्होटच्या पोटात पूर्ण यादी असते. फिल्टर ‘ऑल’वर नेला की सगळ्या तालुक्यांचे सभासद मोबाइल नंबरांसकट समोर येतात.

एक्सेल 2021 किंवा 365 असेल तर फिल्टर नावाचं सूत्रच वापरा : =फिल्टर(ए2:एफ4201,डी2:डी4201=एच1). टाइप अर्थात इंग्रजीतच करायचं. तालुका डी स्तंभात आहे आणि एच1 मध्ये त्याचं नाव, असं इथे धरलंय. सूत्राखाली पुरेशी जागा मोकळी हवी, नाहीतर ‘स्पिल’ची चूक येते. मोबाइलचा रकाना मुळात रिकामा असेल तिथे 0 उमटतो. आलेल्या ओळी नव्या वर्कबुकात ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने चिकटवा, तिथे ते 0 पुसा आणि तीच फाइल पाठवा. पाठवण्याआधी सगळ्या याद्यांची बेरीज, ‘तपासा’ धरून, 4,200 येते का तेवढं बघा.