पुण्यात रोज सायकल चालवतो. पहिले क्लिपलेस पेडल (ज्यात शूज अडकतात ते) आणि शूज दोन बोल्टचे घेऊ की तीन बोल्टचे?

दोन बोल्टचेच घ्या, म्हणजे शिमानोच्या एसपीडी प्रकारचे. रोड बाइक असली तरी. मी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हेच वापरतो. कर्वे रोडवर दर सिग्नलला पाय टेकावा लागतो आणि पुन्हा निघताना खाली बघायला वेळ नसतो. एम 520 सारखं साधं, टिकाऊ पेडल दोन्ही बाजूंनी अडकतं, त्यामुळे बघावं लागतच नाही. क्लीट (शूजच्या तळाला बोल्टने बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) धातूची, लहान आणि सोलच्या खाचेत बसलेली असते, म्हणून टपरीवर चहाला उतरलात तरी नीट चालता येतं. तीन बोल्टची क्लीट प्लास्टिकची आणि बाहेर आलेली असते. चालून झिजते, ओल्या फरशीवर घसरते.

एक गोष्ट आवर्जून करा: पेडलसोबत येणाऱ्या एसएच 51 ऐवजी एसएच 56 क्लीट बसवा. 51 फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. 56 पाय वर ओढला तरी सुटते. सिंहगडाच्या चढावर वेग संपत आला की हाच फरक जाणवतो. मात्र जोरात ओढताना ती नको तेव्हाही सुटू शकते, म्हणून सवय झाल्यावर 51 वर या. पेडलचा टेन्शन स्क्रू, म्हणजे पकड किती घट्ट ते ठरवणारा स्क्रू, सुरुवातीला सैलच ठेवा.

शूज संध्याकाळी, मोजे घालून बघा. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. शूजमध्ये टाच उचलली जाता कामा नये.

शहराबाहेर न थांबता लांबच्या राइड्सच करणार असाल, तर मात्र तीन बोल्टचा रुंद आधार जास्त सुखाचा.