खिडक्या बदलण्यापूर्वी ऊन अडवा

घराचे नूतनीकरण करताना विजेची बचत कशी साधावी, असे विचारणारी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. तिन्ही पत्रांत चौकशी नव्या खिडक्यांची आहे. परंतु तिन्ही घरे निरनिराळ्या हवामानातली असल्यामुळे उत्तरेही निरनिराळी द्यावी लागतील.

प्रश्न : नागपुरात आमचे पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेले दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावरची आमची झोपण्याची खोली पश्चिमेला असून एप्रिल-मे महिन्यांत रात्री अकरा वाजेपर्यंत तिथे पाऊल ठेववत नाही. यंदा घराचे काम काढायचे ठरवले आहे. लाकडी खिडक्या काढून दुहेरी काचेच्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, खिडक्या बसवाव्यात आणि पश्चिमेची बाल्कनी काचेने बंद करून खोलीत घ्यावी, असा सल्ला कंत्राटदाराने दिला आहे. एवढा खर्च केल्यावर विजेचे बिल खरोखर कमी होईल का? आम्ही कूलर वापरतो आणि एक एसीही आहे.

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती करते, की बाल्कनी बंद करू नका. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला आज जी काही सावली मिळते, ती त्या बाल्कनीमुळेच मिळते. ती काचेने बंद केली, की भिंतीपर्यंत न पोहोचणारे ऊन थेट काचेवर पडेल, काचेतून आत येईल, आतली फरशी आणि गादी तापवील, आणि तापलेल्या वस्तूंची उष्णता त्याच काचेतून सहज बाहेर जाऊ शकणार नाही. खोली सत्तर-ऐंशी चौरस फुटांनी वाढल्याचा आनंद पहिल्याच उन्हाळ्यात ओसरतो आणि त्या वाढलेल्या जागेसाठी अधिक टनांचा एसी घ्यावा लागतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या शहरांत बाल्कन्या बंद करण्याची जी लाट आली आहे, तिने घरे मोठी कमी आणि गरम अधिक केली आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खिडकीचा हिशेब पाहू. चार फूट उंच आणि पाच फूट रुंद अशी साधारण १.८ चौरस मीटरची खिडकी धरली आणि तिला साधी एकेरी काच असली, तर बाहेर ४५ अंश आणि आत २७ अंश तापमान असताना केवळ तापमानातल्या फरकामुळे तिच्यातून सुमारे १८५ वॅट उष्णता आत येते. साधी दुहेरी काच बसवली तर हा आकडा निम्म्यावर, म्हणजे ९० वॅटच्या आसपास येतो. बचत खरी आहे, पण ती शंभर वॅटच्या आतली आहे. याउलट, त्याच खिडकीवर दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेचे ऊन थेट पडत असेल, तर काचेतून आत शिरणारी सौर उष्णता ९०० ते १००० वॅटच्या घरात जाते, आणि साधी पारदर्शक दुहेरी काच लावल्यावरही ती ८०० वॅटच्या आसपास राहते. दुहेरी काच हवेची उष्णता बऱ्यापैकी थोपवते, परंतु पारदर्शक असल्यामुळे उन्हाला ती फारशी अडवत नाही. तुमचा त्रास उन्हाचा आहे आणि कंत्राटदाराने सुचवलेला उपाय हवेवरचा आहे.

तुमच्याकडे कूलर आहे, ही यातली दुसरी महत्त्वाची बाब. कूलर चालायचा तर समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोलीत ओल दाटते आणि गारवा येत नाही. म्हणजे एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत, जेव्हा बाहेरचे ऊन सर्वांत प्रखर असते, तेव्हा तुमची महागडी खिडकी बहुतेक वेळ उघडीच असणार. तिचा उपयोग मृगाच्या आगेमागे हवा दमट होऊन कूलर निरुपयोगी ठरतो आणि खोली बंद करून एसी लावावा लागतो, त्या थोड्या आठवड्यांपुरता होईल.

ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. आतला पडदा कितीही जाड असला, तरी काचेतून आत आलेले ऊन तो स्वतः शोषून खोलीतच सोडतो. विदर्भातल्या जुन्या घरांत दारा-खिडक्यांना बाहेरून वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारीत असत. त्या पद्धतीत सावली आणि गारवा ही दोन्ही कामे काचेपर्यंत पोहोचण्याआधीच होत असत. आज तुम्ही बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला, कठड्याच्या वर, घट्ट विणीची बांबूची चिक किंवा खालीवर होणारा बाहेरचा पडदा बसवू शकता. बाल्कनी नसलेल्या खिडक्यांना उभ्या पट्ट्यांची झडप किंवा बाहेर उघडणारी लाकडी झडप लावता येईल. नुसत्या छज्ज्यावर मात्र भिस्त ठेवू नका. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण चारनंतर तो पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून, क्षितिजापासून ३५ अंशांच्या खाली उतरतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा खिडकीच्या वरच्या जेमतेम दीड फुटावर पडते आणि पाच वाजता ती दहा-अकरा इंचांवर येते. तोच छज्जा दक्षिणेच्या खिडकीला उत्तम काम देतो, कारण तिथे उन्हाळ्यातला सूर्य उंच असतो आणि हिवाळ्यातले हवेहवेसे ऊन तिरपे आत येते.

रात्री अकरापर्यंत खोली तापलेली असते, असे तुम्ही लिहिले आहे, आणि या एका वाक्यावरून रात्रीच्या त्रासाचा खरा दोषी खिडकी नसून स्लॅब आहे, हे कळते. उन्हाळ्यात काळपट पडलेल्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो. ही उष्णता सहा इंची काँक्रीटमधून हळूहळू खाली उतरते आणि छताच्या खालच्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून बाहेर वारा सुटला तरी आत छत उष्णता ओकत राहते. बारा चौरस मीटरच्या खोलीवर हा भार ऐन वेळी हजार वॅटच्या वर जाऊ शकतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये आणलेली ‘इको-निवास संहिता’ नव्या निवासी इमारतींसाठी असली, तरी जुन्या घरालाही तिचा मापदंड लावून पाहण्याजोगा आहे. छताचे यू-मूल्य, म्हणजे एका चौरस मीटरमधून तापमानातल्या दर अंश फरकामागे जाणारी उष्णता, १.२ वॅटपेक्षा अधिक असू नये, असे ती सांगते. उघड्या स्लॅबचे हे मूल्य त्याच्या जवळपास तिप्पट असते.

तेव्हा पैसे आधी गच्चीवर खर्च करा. वॉटरप्रूफिंग जुने झालेच असेल, तर ते नव्याने करताना त्यात दाट फोमचे, एक्सपीएस नावाने मिळणारे, २५ ते ५० मिलिमीटर जाडीचे तक्ते घालून घ्या, त्यांवर कोबा टाका आणि शेवटी पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक करा. काम सुरू करण्यापूर्वी स्लॅबला हे वजन पेलेल ना, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. एवढा खर्च यंदा शक्य नसेल, तर होळीच्या सुमारास गच्ची स्वच्छ धुऊन तिच्यावर पांढरा, ऊन परावर्तित करणारा रंग किंवा निदान दाट चुना लावला, तरी फरक त्याच उन्हाळ्यात जाणवेल. मात्र धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, त्यामुळे तो अधूनमधून धुवावा लागतो. हिरवी जाळी ताणायची असल्यास ती गच्चीपासून उंच, खालून वारा खेळेल अशी ताणावी. फॉल्स सीलिंगचा सल्ला कोणी दिला तर तो या कामासाठी स्वीकारू नका. त्याने तापलेले छत दिसेनासे होते, पण ते तापायचे थांबत नाही, आणि खोलीची उंचीही कमी होते.

हे सर्व झाल्यावर पैसे उरले, तर ज्या एका खोलीत एसी चालतो तिच्या खिडक्या बदला. तिथे साधी दुहेरी काच न घेता ऊन रोखणारा लेप असलेली काच घ्या आणि विक्रेत्याकडून तिचा सौर उष्णता गुणांक, म्हणजे काचेवर पडणाऱ्या उन्हाच्या उष्णतेचा किती भाग आत येतो ते प्रमाण, लेखी मागून घ्या. साध्या काचेत हा गुणांक ०.८च्या वर असतो. पश्चिमेसाठी तो ०.३च्या आसपासचा घ्यावा. बाकीच्या लाकडी खिडक्या सागवानी असतील तर त्या मोडीत काढू नका. बिजागऱ्या बदलून आणि फटी भरून त्या आणखी वीस वर्षे टिकतील, आणि लाकूड हे ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी चांगले उष्णतारोधक आहे.

बिलाविषयी एवढेच लक्षात घ्यावे, की महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात. त्यामुळे वाचणारे प्रत्येक युनिट तुमच्या वापरातल्या सर्वांत महाग टप्प्यातून वाचते. ७५ वॅटचे जुने पंखे काढून तीस-पस्तीस वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशरहित मोटरचे, पंखे लावण्याचा खर्च म्हणूनच लवकर भरून निघतो, आणि एसी २२ ऐवजी २६ अंशांवर ठेवून पंखा सोबत चालवला तर तोही भार बराच हलका होतो.

प्रश्न : वसईत तिसऱ्या मजल्यावर राहतो. सदनिकेचे नूतनीकरण करताना सर्व खिडक्यांना तीन ट्रॅकच्या स्लायडिंग शटर बसवाव्यात, असे फॅब्रिकेटर म्हणतो. समुद्र जवळ आहे. एसी फक्त रात्री एका खोलीत चालतो. हा पर्याय योग्य आहे का?

उत्तर : किनारपट्टीवर तापमानापेक्षा घामाचा त्रास अधिक असतो आणि घाम वाऱ्याने वाळतो, म्हणून तुमच्या खिडकीचे पहिले काम वारा घेणे हे आहे. तीन ट्रॅकच्या ज्या खिडकीत दोन काचा आणि एक जाळी असते, ती कशीही सरकवली तरी निम्मीच उघडते. इको-निवास संहितेने उष्ण-दमट हवामानासाठी खिडक्यांचे उघडता येणारे क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश ठेवण्यास सांगितले आहे. तुमची खोली १२० चौरस फुटांची असेल, तर तिच्यासाठी त्या प्रमाणात २० चौरस फूट उघडी जागा लागेल. चार बाय पाचची स्लायडिंग खिडकी कागदावर २० चौरस फूट दिसते, पण प्रत्यक्षात १० चौरस फूटच उघडते. बिजागरीवर उघडणारी खिडकी जवळपास पूर्ण उघडते. ती बाहेरच्या ग्रिलला अडणार असेल, तर ग्रिल पुढे सरकवण्याचा हट्ट न धरता शटर आत उघडणारी करून घ्यावी आणि जाळी बाहेरून वेगळी, काढून धुता येईल अशी बसवावी.

वारा नुसता आत येऊन भागत नाही, त्याला बाहेर पडायला वाट लागते. नूतनीकरणात दारांवरच्या झडपा बंद करून वर सलग प्लायवूड मारण्याची पद्धत आहे. ती आपल्या घरात होऊ देऊ नका, कारण दार लावल्यावर खोलीतून हवा जाण्याचा तोच एक मार्ग असतो.

झोपण्याच्या खोलीचा विचार मात्र निराळा करावा. तिथे एसी चालू असताना बाहेरची दमट हवा फटींतून येत राहिली, तर एसीची बरीचशी ताकद त्या हवेतल्या वाफेचे पाणी करण्यातच जाते. स्लायडिंगच्या मधल्या ब्रशपट्टीपेक्षा बिजागरीच्या खिडकीची रबरी पट्टी हवा अधिक घट्ट अडवते, म्हणजे या खोलीतही तोच प्रकार सोयीचा ठरतो. दाराखालची फट साध्या रबरी पट्टीने बंद होते. दुहेरी काचेवर तुमच्याकडे पैसे घालू नयेत. रात्री आत-बाहेरच्या तापमानात फरकच इतका थोडा असतो, की तो खर्च वसूल होणे कठीण आहे. रहदारीचा आवाज फार असेल, तर ती गोष्ट वेगळी.

खाऱ्या हवेत यूपीव्हीसीची चौकट गंजत नाही, परंतु बिजागऱ्या आणि स्क्रू गंजतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे आहेत, हे करारात लिहून घ्या. चौकटीच्या तळाशी पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात. बसवणारा कारागीर ती सिलिकॉनने बुजवत नाही ना, इकडे स्वतः लक्ष द्यावे, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत येते. बाहेरून दिसणारा कोणताही बदल करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिशिगनमध्ये चाळीस वर्षे जुन्या लाकडी घरात राहतो. हिवाळ्यात खिडक्यांपाशी गार वारा जाणवतो आणि दोन खिडक्यांच्या काचांमध्ये धुके साचते. सर्व खिडक्या बदलण्याचे कोटेशन फार मोठे आहे.

उत्तर : दोन काचांच्या मधोमध धुके दिसते, याचा अर्थ त्यांच्या कडेचे सील गेले आहे. चौकट धड असेल तर केवळ तो काचेचा संच बदलून मिळतो. पूर्ण खिडकी बदलण्याची गरज नाही. गार वाऱ्याचे कारण मात्र बहुधा माळ्यावर सापडेल. घरातली गरम हवा वर चढून माळ्याच्या झाकणाच्या, दिव्यांच्या आणि पाइपांच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घेण्यासाठी बाहेरची गार हवा खालच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून ओढली जाते. म्हणून दारात पंखा लावून घराची गळती मोजणारी चाचणी करून घ्या, माळ्याच्या तळाच्या फटी आधी बुजवा, त्यावर उष्णतारोधकाचा थर वाढवा आणि खिडक्यांच्या रबरी पट्ट्या बदला. त्यानंतरच्या हिवाळ्यात किती खिडक्या बदलायच्या, हे ठरवणे सोपे जाईल. खिडक्यांवर मिळणारी ३० टक्क्यांची, कमाल ६०० डॉलरची संघीय कर-सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या खिडक्यांपुरतीच होती, त्यामुळे तिच्या भरवशावर कोणी घाई करायला सांगत असेल तर ऐकू नका.

नव्या खिडकीवरच्या एनएफआरसी या खिडक्यांचे मानांकन करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या लेबलवर यू-फॅक्टर (म्हणजेच वर सांगितलेले यू-मूल्य) आणि सौर उष्णता गुणांक हे दोन्ही आकडे छापलेले असतात. उत्तरेकडच्या राज्यांसाठी एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या अमेरिकी मानांकनाची सध्याची यू-फॅक्टरची साधारण मर्यादा ०.२२ आहे; भारतात वापरल्या जाणाऱ्या एककात आणायला तो आकडा ५.६८ ने गुणावा, म्हणजे सुमारे १.२५ येतो. सौर गुणांकाच्या बाबतीत मात्र नागपूरच्या वाचकांना दिलेला सल्ला तुम्ही उलटा घ्यायचा आहे. तुमच्या दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात येणारे ऊन ही फुकटची ऊब आहे, तेव्हा त्या बाजूसाठी गुणांक जास्त असलेली काच विक्रेत्याकडे वेगळी मागावी. सगळ्या दिशांना एकाच प्रकारची काच बसवण्याचा त्याचा आग्रह मान्य करू नये.