नोकरी सुटली, सॉफ्टवेअर मात्र लॅपटॉपवरच

प्रश्न : सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. घरून काम करता यावं म्हणून कंपनीने माझ्याच लॅपटॉपवर ऑटोकॅड हे ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. नोकरी सोडल्यावरही ते चालू राहिलं, म्हणून त्यावर बाहेरची ड्रॉइंग करून देतो. कंपनीने माझा पगारही थकवलाय. महिन्यापूर्वी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. लॅपटॉप माझा आहे, मग गुन्हा कसला? फॉरमॅट मारू का?

उत्तर : अशी पत्रं सांगलीहून माझ्याकडे वरचेवर येतात आणि प्रत्येकात ‘लॅपटॉप माझा’ असतंच. असू दे की. तुमचं प्रकरण ठरणार आहे ते ‘बाहेरची ड्रॉइंग’ या दोन शब्दांवर.

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ब बघा. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात केलेला नसेल, तर कारणं नोंदवून कोर्ट कैद टाळू शकतं. ही सवलत तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलीत. वर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नोटीस हातात पडली त्या दिवशी संपली, आणि तुम्ही महिनाभर वापर चालूच ठेवलात!

कंपनीनेच परवानगीने टाकलेली प्रत नोकरी सुटल्यावर बेकायदा ठरते का, यावर वाद घालता येईल. नेमणूकपत्रात काय लिहिलंय आणि लायसन्सच्या अटी काय आहेत, ते पाहिल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही. राजीनाम्याच्या वेळी ‘कंपनीचं काहीही माझ्याकडे नाही’ अशा कागदावर सही केली असेल, तर तो कागद आधी शोधा.

फॉरमॅट मुळीच मारू नका. पुरावा पुसला, हा नवा आरोप कशाला ओढवून घेता? वापर आज थांबवा. उत्तर वकिलामार्फत पाठवा आणि प्रत काढून टाकायची तयारी त्यात लिहा. ती कधी, कशी काढायची हे कंपनीकडून लेखी घ्या. सांगलीत विजयनगरच्या कोर्टात तारखांवर तारखा पडतील, पण कलम ६४ खाली फौजदार वॉरंटशिवायही जप्ती करू शकतो. तेव्हा गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आजच वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा; कंपनीच्या फायलींना मात्र हात लावू नका.

थकलेल्या पगाराचं म्हणाल, तर तो हिशेब वेगळा. नोटिशीच्या उत्तरात तो घुसडू नका.