लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०२५ च्या उन्हाळ्यात नव्या खेळाडूंवर एवढा पैसा ओतला, तरी संघाचा तोल का गेला?

कारण पैसा पुढच्या फळीत गेला आणि भगदाड मागे राहिलं. स्ट्रायकर इसाकसाठी साडेबारा कोटी पौंड, शिवाय व्हिर्ट्झ आणि एकिटिके. तिघेही गुणी, पण सेंटर-बॅकचं, म्हणजे बचावफळीच्या मधल्या खेळाडूंचं काय? क्रिस्टल पॅलेसचा बचावपटू मार्क गेहीचा सौदा खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी फिसकटला आणि नवा, कोवळा बचावपटू लेओनी सप्टेंबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने मोसमाबाहेर गेला. व्हॅन डाइक-कोनातेमागे उरला गोमेझ, तोही वारंवार जायबंदी होणारा.

वाशीत आमच्या कट्ट्यावर सगळे इसाकवरूनच भांडतात. मला मात्र त्याच उन्हाळ्यात रियल माद्रिदला गेलेल्या उजव्या बचावपटू ट्रेंटची उणीव जास्त सलते. मागून खेळ उभा करणारे त्याचे लांब पास त्याच्या जागी आलेला फ्रिंपाँग देत नाही, तो धावणारा गडी आहे. मी असतो तर इसाकला न घेता एकिटिकेवरच थांबलो असतो आणि गेहीला जुलैमध्येच आणलं असतं.